चक्राला उष्टं नको

शब्दाची फोड करून सांगण्याची मला वाईट खोड आहे. शाळेत पोरं ऐकून घेत, कारण त्यांना उठून जाता येत नसे. पण एकदा ही खोड मी आमच्या वस्तीच्या सभेत नेली, आणि तिच्यापायी वैशाखातल्या एका संध्याकाळी बैलबंडीवरच्या पडद्याआड, बॅटरीच्या आंबट वासात, तळहात सोलून घेत बसलो.

साठ सालानंतरची गोष्ट. मी दारव्ह्याला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. वस्तीतला पहिला मॅट्रिक. या गोष्टीचा अभिमान वस्तीला होता त्याहून मला जास्त होता. छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून बुद्धपौर्णिमेला दरवर्षी मिरवणूक निघे, पण ती नाल्याकडच्या मागच्या वाटेनं. बाजाराच्या रस्त्याला परवानगी नव्हती. दरवर्षी अर्ज जाई, दरवर्षी नकार येई. अर्ज घेऊन जात ते आबाजी. आबाजी वस्तीतले सगळ्यात वडीलधारे. त्यांना स्वतःचा नातू नव्हता, पण सगळी वस्ती त्यांना आजोबाच मानी.

त्या वर्षी अर्ज मंजूर झाला. निरोप घेऊन पोलीस ठाण्यातला जमादार स्वतः आला आणि सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीवर टेकून बोलला.

"बाजारात थांबायचं नाई. नाचायले नाई, पानी प्यायले नाई. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. थांबली तं मी तिथूनच वापस फिरवीन, आन् पुढच्या साली तुमची नाल्याची वाट तुमाले मोकळी."

ही पहिली अट. दुसरी मी ओढवून घेतली.

त्याच रात्री देखाव्यासाठी सभा भरली. मी उठलो. "सारनाथचा देखावा करू," मी म्हणालो. "मधात चक्र, दोन बाजूंनी हरणं, खाली कमळ. आता धम्मचक्रप्रवर्तन या शब्दाची फोड करा. प्रवर्तन म्हणजे फिरवणं, चालू करणं. नुसतं उभं ठेवलेलं चक्र म्हणजे प्रवर्तन नव्हे. चक्र फिरलं पाहिजे."

"कोन फिरवते?" आबाजींनी विचारलं.

"मोटर, आबाजी. बॅटरीवर. आणि नुसतं चक्र नाही, हरणं माना हलवतील, कमळ उघडेल, मिटेल."

आबाजी काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. "म्हंजे जे थांबलं ते चक्र नाई?"

"अर्थाच्या दृष्टीनं पाहिलं तर नाही," मी मोठ्या ऐटीत म्हणालो.

"मंग ऐका गा सारे. थांबलेलं चक्र मी बाजारातून नेनार नाई. फिरत असन तं जाऊ. थांबलं तं बंडी वापस."

इतक्या वर्षांनी मिळालेला बाजाराचा रस्ता आता माझ्या एका मोटरीच्या पट्ट्याला बांधलेला होता, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. माझ्या आलं नाही. मी हरणांच्या शिंगांचा विचार करत होतो.

यवतमाळच्या रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये मोटारगाड्या दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. लष्कराच्या लिलावातलं भंगार त्यांनी कधीकाळी आणलं होतं, त्यात वायरलेसच्या गाडीतले पंखे होते. त्यांच्या चार मोटरी आणि एक जुनी बॅटरी त्यांनी मला दिली. "मिरवणुकीसाठी पाहिजे" एवढं म्हटल्यावर दुसरं काही विचारलं नाही. फक्त दोन गोष्टी सांगितल्या.

"देखो मास्तर, बॅटरी बुढी है. चारों मोटर चलाओगे तो दो घंटे. गिनके दो. और हर मोटर को अपने-अपने दो तार, सीधे बॅटरी से. समझे?"

"चाचा, मी पोरांना विज्ञान शिकवतो."

"वोई तो डर है," चाचा म्हणाले.

चक्र माझ्याच सायकलच्या मागच्या चाकावर उभारलं. चाकाभोवती बांबूच्या कामट्यांचे आठ आरे, वरून सोनेरी बेगड. मोटरीच्या टोकावरून चाकाच्या कडीवर सुतळीचा पट्टा. एका आऱ्याला पत्र्याची पट्टी जास्त लांब राहिली होती, ती प्रत्येक फेऱ्याला खालच्या फळीला लागून 'टक' करायची. कापायची राहून गेली. हरणं आणि कमळ बायकोनं केलं, कागदाच्या लगद्याचं आणि जुन्या गुलाबी लुगड्याचं. हरणांचे कान माझ्या कानांवर गेले असं शेजारणी म्हणत, आणि ती नाही म्हणत नसे.

राहिल्या तारा. चार मोटरींना दोन-दोन म्हणजे आठ तारा. ते मला गबाळं वाटलं. एका जिनिंगवाल्याकडच्या लग्नात मी मांडवाला रंगीत दिव्यांची माळ पाहिली होती. एका दिव्यातून निघालेली तार दुसऱ्यात, दुसऱ्यातली तिसऱ्यात, अशी पुढं. "याले सिरीज म्हनते," लावणाऱ्यानं सांगितलं होतं. तो शब्द मी जपून ठेवला होता. तो इथं वापरला. बॅटरीतून निघालेली तार एका हरणात, तिथून कमळात, तिथून दुसऱ्या हरणात, शेवटी चक्रात आणि परत बॅटरीत. किती सुबक!

पौर्णिमेच्या दुपारी सगळी वस्ती समाजाच्या शेडमध्ये जमली. बोरी अरबवरून पाहुणे आले होते. मिरवणूक पाचला निघायची. वरचं टिन तापून कुरकुरत होतं. मी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि तार बॅटरीला टेकवली.

हरणं माना हलवू लागली. अशी हलवू लागली की काय सांगू! हो हो हो हो, दोघंही, वेड लागल्यासारखी. कमळ धडाधड उघडून मिटू लागलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

चक्र जागचं हललं नाही.

मी पट्टा पाहिला. तारा पाहिल्या. चक्राला हातानं ढकललं, ते अर्धा फेरा फिरून थांबलं. हरणं हो हो करतच होती. टाळ्या बंद झाल्या.

"अवो, याचा कान सुटून राह्यला," असं म्हणत बायको पुढं आली आणि तिनं एका हरणाची मान घट्ट धरली. त्याबरोबर चक्रानं गचका खाल्ला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या हातानं दुसऱ्या हरणाची मान धरली. चक्र कण्हत कण्हत फिरू लागलं. टक. बऱ्याच वेळानं पुन्हा टक. तिनं माना सोडल्या, चक्र थांबलं.

"मंग मी काय दोन्हीच्या माना धरून बाजारातून येऊ का?" तिनं हळूच विचारलं.

आबाजी उठून बंडीजवळ आले. शेडमध्ये पंखा हलवणाऱ्या बायांचे हातही थांबले.

"काहून फिरून नाई राह्यलं?"

मला खरं कारण कळलेलं नव्हतं. पण गप्प बसवेल तर मी कसला? मी तार बोटानं दाखवत गेलो. "वीज आधी या हरणात जाते आबाजी, मग कमळात, मग त्या हरणात. तिघांचं भागून जे उरतं ते चक्राला मिळतं. ते कमी पडतं."

शास्त्र असं नेमकं नाही, वीज कोणी खाऊन संपवत नाही. पण त्या दिवशी माझ्या तोंडून तेच निघालं.

"म्हंजे उष्टं," आबाजी म्हणाले.

गावकीच्या कामाच्या बदल्यात आबाजींनी अर्धं आयुष्य दारोदार जाऊन उरलेल्या भाकरी आणल्या होत्या. ती टोपली त्यांनी दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी अंगणात जाळली, हे वस्तीतल्या पोरासोरांना ठाऊक होतं. त्यानंतर ते घरातल्या लेकराच्या ताटातलंही उरलेलं खात नसत.

"हरनं जेवन, कमळ जेवन, आन् चक्राले उष्टं?" त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "मास्तर, हे तुले कोनं शिकवलं? चौघाले चार ताटं लावता येत नाई काय?"

चार ताटं. हर मोटरला आपापले दोन तार. सीधे बॅटरी से.

त्या क्षणी मला बैलांच्या पायाशी जाऊन बसावंसं वाटलं. मी तोंड न दाखवता सायकल शोधायला वळलो आणि आठवलं की तिचं मागचं चाक बंडीवर आहे. पळतच चाचांच्या शेडपर्यंत गेलो. तीन वाजून गेले होते. डांबर चपलांना चिकटत होतं.

चाचांनी माझं ध्यान पाहिलं आणि काहीही न विचारता एका मोडक्या ट्रकमधून तारा उपटायला सुरुवात केली. वाटेत ताटांची गोष्ट ऐकून फक्त एवढंच विचारलं, "मैं मराठी में बोलता तो समझता था क्या?"

आमच्या शेडमध्ये येऊन त्यांनी माझी सुबक माळ तोडून फेकली. प्रत्येक मोटरीची एक तार एका जाड पितळी चिमट्याच्या स्क्रूखाली, दुसरी दुसऱ्या चिमट्याखाली. असे चार-चार तारांचे दोन गुच्छ झाले. दोन चिमटे बॅटरीच्या दोन टोकांना. "देख लो आबाजी, चार थाली," ते म्हणाले.

चिमटा लावताच हरणांनी दुपारच्याहून जोरात होकार दिला. कमळ उघडलं. आणि चक्र फिरलं, सरसर, टक, टक, टक, बेगड चमकवत. एक म्हातारी रडायला लागली.

"उलटं हाय," आबाजी म्हणाले.

खरंच उलटं होतं. आमचं चक्र मागं जात होतं. चाचांनी कपाळावर हात मारला आणि चक्राच्या दोन तारांची अदलाबदल केली, झालं सुलटं. "अब दो घंटे," जाताना ते माझ्या कानाशी म्हणाले. "जाया मत करना."

चार वाजले होते. आणि इथं मी दुपारच्यापेक्षा मोठा गाढवपणा केला. दुपारचा निदान न कळून झाला होता.

माझी अब्रू नुकतीच परत आली होती. तिला मिरवावंसं वाटत होतं. बंडी सजत होती, लोक येत होते. जो येई तो म्हणे, "मास्तर, फिरवून दाखवा ना." मी दाखवी. चिमटा काढणं-लावणं नको म्हणून तो तसाच ठेवला. चाळीस मिनिटं चक्र फिरत राहिलं. त्याआधी दुपारी हरणांनी जी हो हो करून बॅटरी प्यायली होती ती वेगळीच. पाचला मिरवणूक निघायची ती पाहुण्यांच्या भाषणांमुळे साडेपाचला निघाली, आणि मी पडद्याआड बॅटरीशेजारी बसलो तेव्हा मनगटावरच्या लग्नातल्या घड्याळात पाहून पहिल्यांदा हिशेब केला. हे मला एकट्यालाच माहीत होतं.

सांगायला हवं होतं. उतरून आबाजींना म्हणायला हवं होतं की बॅटरी टिकणार नाही. पण ते पुढं चालायला लागले होते. पांढरा सदरा, हातात काठी, मागं वळून पाहायचं नाही असं ठरवलेलं. जमादार सायकल हातात धरून बंडीच्या चाकाबरोबर चालत होता. आबाजींच्या पाठीची ताठ रेघ मला पडद्याच्या फटीतून दिसत होती, आणि ते मागं का पाहत नाहीत तेही उमगलं. ते कानानं पाहत होते. टक, टक, टक. ती कापायची राहिलेली पत्र्याची पट्टी.

वस्ती संपेपर्यंत सगळं ठीक. बाजाराच्या तोंडाशी हरणांचा होकार जड झाला. दुकानांपुढं माणसं उभी होती. कोणी हात जोडत होतं, कोणी नुसतं पाहत होतं, एक जण दुसऱ्याला म्हणाला, "कोनी आत बसून फिरवत असन बे." मला तेव्हा त्याचा राग आला.

टक... टक... टक.

अंतर वाढलं होतं. आबाजींच्या काठीचा ठेका किंचित चुकला. मी कमळाची तार स्क्रूखालून ओढून काढली. कमळ अर्धं उघडं राहिलं. चक्र जरा सावरलं. धान्याच्या दुकानांपर्यंत पोचलो. मग एका हरणाची तार काढली, पन्नास पावलांनी दुसऱ्याची. आता सगळं ताट चक्राचं. पण ताटात काही नव्हतंच. बाजाराचं दुसरं टोक, तिथलं निंबाचं झाड, दिसत होतं, आणि तिथवर जाईपर्यंत ही बॅटरी जगणार नाही हे मोटरीच्या आवाजावरून मला कळत होतं. ती कण्हत होती.

टक.

मी श्वास धरला.

टक.

आबाजींचं पाऊल मंदावलं. खरंच मंदावलं. काठी उचललेली तशीच राहिली. त्यांच्या मागचे लोक त्यांच्यावर आदळू नयेत म्हणून थबकले, गाडीवानानं कासरा ओढला. जमादारानं मान वर केली. "काय झालं बे? चला!"

मला विचार करून काही सुचलं नाही, विचार करायला मला नेहमीच वेळ लागतो. मेलेल्या बॅटरीवरून मी चिमटा उपटला. मोकळ्या तारा अंगाला टोचत होत्या, म्हणून हात रिकामे व्हावेत एवढ्यासाठी त्या घाईनं पुन्हा चिमट्याच्या गुच्छात खोचून दिल्या. मग पडद्याआडून चाकाच्या कडीला हात घातला आणि फिरवलं.

टक. टक. टक.

काठी खाली टेकली. आबाजी चालायला लागले. जमादारानं मान खाली घातली.

चाकाची कडी एरवी किती मऊ वाटते! तीच हातावरून सतत जायला लागली की करवतीसारखी होते. तारेच्या टोकानं बोट फाटलं. थांबणं शक्य नव्हतं आणि जोरानं फिरवणंही शक्य नव्हतं, आबाजींचा कान ठेका मोजत होता. मी एकसारखा ठेका धरायला पाढे म्हणू लागलो. सतरा एके सतरा, टक. सतरा दुणे चौतीस, टक. शाळेत सतराचा पाढा मी पोरांना छडीच्या तालावर म्हणायला लावी. त्या सगळ्या पोरांची त्या दिवशी मी मनात माफी मागितली. घामानं डोळे चुरचुरत होते, बेगडाचा सोनेरी चुरा तोंडावर उडत होता, आणि कोणी पडदा उचलला असता तर देखाव्यात सगळ्यात पाहण्यासारखा मीच होतो.

तेवढ्यात बाहेर हशा पिकला. पकडलो गेलो! फटीतून पाहिलं तर लोक हरणांकडे बोट दाखवत होते. हरणं पुन्हा माना हलवत होती. बॅटरी तुटलेली, आणि हरणं हो हो म्हणताहेत! मला वाटलं उन्हानं माझं डोकं फिरलं. मग कळलं: मी चाक फिरवतो तसा पट्टा मोटर फिरवतो, फिरवलेली मोटर स्वतःच वीज करते, आणि माझ्या गबाळ्या हातांनी खोचलेल्या तारांमधून ती हरणांना पोचते. सायकलच्या दिव्याचा डायनामो मी वर्गात फळ्यावर चार वर्षं काढत होतो. कळला त्या दिवशी.

सतराचा पाढा सात वेळा झाला. निंबाची सावली पडद्यावर आली तेव्हा गाडीवान ओरडला, "झाला बाजार!"

मी हात सोडला. चक्र थोडं आपल्या जोरावर फिरलं आणि थांबलं.

जमादार सायकलवर टांग टाकत होता. "सरळ आले, बरं झालं," तो आबाजींना म्हणाला. "पुढच्या सालीबी याच रस्त्याचा अर्ज करजा. मी लिहून देतो, थांबले नाई म्हनून." आणि जाताना पडद्याला उद्देशून, "मास्तर, मशीन जबर हाय तुमचं."

आबाजींनी पडदा बाजूला केला. त्यांनी बॅटरी पाहिली, तिच्यापासून दूर पडलेला चिमटा पाहिला, मग माझे हात. मी ते धोतरात लपवायला गेलो, धोतराला रक्त लागलं.

"कवापासून?"

"धान्याची दुकानं संपल्यावर, आबाजी. बॅटरी मी आधीच उडवली होती. लोकांना दाखवत बसलो."

मला वाटलं आता काठी बसणार. ती बसली असती तर मी हूं केलं नसतं.

"चक्र थांबलं होतं काय?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मंद झालं होतं. थांबलं नाही."

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. माझ्या तोंडावर बेगड होता, म्हणूनही असेल.

"सभेत म्या तुले इचारलं होतं," ते म्हणाले, "कोन फिरवते म्हनून. तवा तू मोटर म्हनला."

घरी बायकोनं हळद आणि तेल लावून फडक्यानं हात बांधले. गाठ मारताना तिला हसू आवरेना. "त्या हरनाइले समजलं होतं वाटते," ती म्हणाली. "तुमी चाक फिरवून राह्यले तं पाहा कशी हो हो करत होती."

दुसऱ्या दिवशी बॅटरी परत करायला गेलो. दोन्ही हात बांधलेले, म्हणून ती एका पाहुण्याच्या डोक्यावर होती. चाचांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"कितने घंटे चली?"

मी खोटं सांगितलं. पण चाचांनी बॅटरीच्या टोकांना तारेचा तुकडा लावून पाहिला, ठिणगी उडाली नाही. त्यांनी मान डोलावली, बॅटरी चार्जिंगला लावली आणि वर खडूनं उर्दूत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "अगले साल की मिरवणूक के लिए. मास्तर को हाथ मत लगाने देना."